थर्मामीटरमधला घाम : शब्दमुळांविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्रजी शब्दांतली ग्रीक आणि लॅटिन मुळं प्राथमिकच्या लेकरांना शिकवावीत का आणि कशी, याबद्दल मराठवाड्यातल्या शिक्षक-पालकांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : चौथीचा वर्ग आहे, पट ३१. इंग्रजी शब्द पाठ करून घेतो, पण आठ दिवसांत पाटी कोरी. मुळं शिकवली तर शब्द टिकतात असं ऐकलं. सुरुवात कुठून करू आणि वर्षात किती मुळं घेऊ?
— सहशिक्षक, ता. औसा, जि. लातूर

पहिला आठवडा इंग्रजीला हातच लावू नका. फळ्यावर ‘हार’ लिहा आणि त्याच्या आधी आ, वि, प्र, सं, उप लावायला सांगा. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार. मग ‘गैर’ आणि ‘बे’ घ्या : गैरहजर, गैरसोय, बेजबाबदार, बेशिस्त. शब्द तुकड्यांचा बनतो आणि तुकडा बदलला की अर्थ बदलतो, हे लेकरांना मराठीत आधीच येत असतं. फक्त ते आपल्याला येतं, हे त्यांना माहीत नसतं.

दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला एकच मूळ, चार दिवस, रोज १५ मिनिटं. दर पाचवा आठवडा उजळणीचा. सुट्ट्या, परीक्षा, उपक्रम वजा जाता वर्षात १८ ते २० मुळं होतात आणि चौथीला तेवढी भरपूर आहेत. ५० मुळांचा तक्ता भिंतीवर लावणाऱ्या वर्गात मुळांचंही पाठांतरच होतं. शब्दांच्या जागी मुळं आली, एवढाच फरक.

‘मीटर’चा आठवडा असा चालवा. सोमवारी काही लिहायचं नाही, नुसतं विचारायचं : मीटर कुठं ऐकलंय? लाइटचं मीटर, थर्मामीटर, किलोमीटर, गाडीचं स्पीडोमीटर, कापड दुकानातला मीटर अशी उत्तरं येतील. या सगळ्यांत सारखं काय आहे, हे लेकरांनीच काढायचं. ‘मोजायचं’ हा शब्द त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबा. चार मिनिटं लागली तरी चालतील. अर्थ तुम्ही सांगून टाकलात तर उरलेले तीन दिवस वाया गेले असं समजा.

मंगळवारी स्पेलिंग. शब्द एकाखाली एक असे लिहा की ‘मीटर’ची अक्षरं सरळ रेषेत येतील, आणि त्या रेषेला चौकट करा. इथं एक खड्डा आहे. मोजण्याचं साधन असेल तर शेवट ‘ई-आर’ असा होतो, आणि लांबीचं एकक असेल तर आपल्या पुस्तकांत तो ‘आर-ई’ असा छापतात. थर्मामीटर आणि किलोमीटर एकाच चौकटीत घातले की हुशार लेकरू नेमकं तिथं बोट ठेवतं. म्हणून आधीच दोन स्तंभ करा.

बुधवारी पत्ते. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे ८ सेंमी × ५ सेंमी कापा. पुढं लागणारा तुकडा पिवळ्या खडूनं रंगवा, मूळ हिरव्या, मागं लागणारा गुलाबी. चार-चारच्या गटाला १० पत्ते पुरतात. पत्ते जोडून झाले की न शिकवलेला एक शब्द द्या : लॅक्टोमीटर. लॅटिनमध्ये ‘लॅक्ट’ म्हणजे दूध, एवढंच सांगा. ज्याच्या घरचं दूध डेअरीला जातं, ते लेकरू लगेच सांगेल की हे यंत्र दूध किती आहे ते मोजत नाही, दुधात पाणी आहे का ते दाखवतं. आठवड्यातला सगळ्यात मोलाचा क्षण तो. मूळ आपल्याला अर्थाच्या दारापर्यंत नेतं, आत वापर नेतो.

म्हणून गुरुवारी वहीत दोन रकाने आखा : ‘तोडून अर्थ’ आणि ‘खरा अर्थ’. लॅक्टोमीटरसमोर पहिल्यात ‘दूध-माप’, दुसऱ्यात ‘दुधाची घनता पाहून भेसळ ओळखायचं साधन’. हा दुसरा रकाना वगळला की पुढं सगळं बिघडतं.

मुळांचा क्रम ठरवताना जी एकमेकांशी जुळतात ती आधी घ्या. टेली, ग्राफ, फोन, फोटो, स्कोप ही पाच मुळं आपसांत जोडूनच टेलिफोन, टेलिग्राफ, टेलिस्कोप, फोटोग्राफ, फोनोग्राफ असे शब्द होतात. फक्त ‘फोन’ आणि ‘फोटो’ लागोपाठच्या आठवड्यांत घेऊ नका. दोन्हींचं तोंड सारखं असल्यानं आवाज कुठला आणि उजेड कुठला, याची सरमिसळ होते. मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या.

अर्थ सांगायला मराठी परिभाषा हाताशी आहेच. दूरध्वनी, दूरदर्शन, सूक्ष्मदर्शक, जीवशास्त्र हे शब्द मूळ शब्दाच्या तुकड्यासमोर तुकडा ठेवून घडवलेले आहेत. ‘दुर्बीण’ तर फारसीतून आली : दूर आणि बीन, म्हणजे दूरचं पाहणारी. टेलिस्कोपचाही नेमका तोच अर्थ. घरी दखनी बोलणाऱ्या लेकरांना हा शब्द फोडायला सांगा, ती पटकन फोडतील.

प्रश्न : मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. मराठी अजून धड वाचता येत नाही. तिकडं युरोपातल्या मेलेल्या भाषा शिकून तिला काय मिळणार?
— पालक, ता. जिंतूर, जि. परभणी

मराठी वाचन कच्चं असेल तर आधी तेच पक्कं करा. त्याला पर्याय नाही, आणि मुळं वर्षभर उशिरा घेतली तरी काही बिघडत नाही. पण ‘तिकडच्या भाषा’ म्हणता, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

आपल्याकडं सायकलच्या पेडलला सर्रास ‘पायडल’ म्हणतात. चूक म्हणून आपण ते दुरुस्त करतो. पण पेडलमधलं ‘पेड’ हे लॅटिनमधलं पाऊल, आणि आपला पाय संस्कृत ‘पाद’वरून आलेला. ही दोन्ही एकाच जुन्या मुळाची लेकरं. सायकल ग्रीक ‘कुक्लोस’वरून आली, आपलं चाक ‘चक्र’वरून, हीसुद्धा सख्खी चुलत भावंडं. डेंटिस्टमधलं ‘डेंट’ आणि दात तसेच. आणि थर्मामीटर घ्या. ‘थर्म’ म्हणजे ग्रीकमधली उष्णता. तिचं संस्कृतातलं भावंड ‘घर्म’, ज्याचा मराठीत घाम झाला. ‘मीटर’ आणि आपली ‘मात्रा’ यांचंही मूळ एकच. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर गेला की घाम आणि थर्मामीटर यांचं नातं लेकरांना वेगळं समजवावं लागत नाही. मात्र वहीत ‘घाम मोजायचं यंत्र’ असं उतरणार नाही, तेवढं बघा.

महिन्यांची नावं तिसरीतल्या मुलीला आजच दाखवा. सप्टेंबर-सप्त, ऑक्टोबर-अष्ट, नोव्हेंबर-नव, डिसेंबर-दश. ती लगेच विचारेल की सप्टेंबर तर नववा महिना आहे. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. मार्च पहिला धरून बोटांवर मोजा, सप्टेंबर बरोबर सातवा येतो. आपला चैत्रही त्याच सुमारास लागतो.

या भाषांतलं साम्य इतकं नेमकं आहे की न्यायाधीश आणि भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात, असं मांडलं. इथं एक कळकळीची विनंती. ‘हे सगळे शब्द संस्कृतातूनच गेले’ असं लेकरांना सांगू नका. चुलत बहीण म्हणजे आई नव्हे. आणि नुसतं कानाला सारखं लागलं म्हणूनही नातं जोडू नका. लॅटिन ‘देउस’ आणि आपला देव एका मुळाचे आहेत, पण देव याच अर्थाचा ग्रीक ‘थेओस’ त्या घरचा नाही. उच्चार आणि अर्थ दोन्ही जवळचे, तरी नातं नाही.

प्रश्न : सेमी इंग्रजीच्या पाचवीला गणित शिकवते. सबट्रॅक्ट, मल्टिप्लाय, फ्रॅक्शन हे शब्द मुलांना मंत्रासारखे वाटतात. इथं मुळांचा उपयोग होईल का?
— सहशिक्षिका, ता. अंबड, जि. जालना

मुळांचं सगळ्यात रोख पीक गणितातच येतं.

‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणं. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. नांगर ओढतो, ट्रॉली ओढतो. ‘सब’ म्हणजे खाली किंवा खालून. सबट्रॅक्ट म्हणजे खालून ओढून काढणं. फळ्यावर १० काड्यांचं चित्र काढून तळातल्या ४ काड्या बाणानं खाली ओढा, वजाबाकी दिसते. ‘मल्टि’ म्हणजे अनेक, ‘प्लाय’मागं लॅटिनमधलं घडी घालणं आहे. कागदाला एक घडी घातली की थर दोन, पुन्हा घातली की चार. दुप्पट, चौपट तिथंच हातात येतं. फ्रॅक्शन आणि फ्रॅक्चर यांचं मूळ एक : मोडणं. हात मोडला की फ्रॅक्चर, भाकरी मोडली की फ्रॅक्शन. फक्त तुकडे सारखे हवेत, ही अट गणिताची. ती मूळ सांगत नाही, तुम्हाला सांगावी लागेल.

मापनात एक सोपा नियम आहे. १७९५ मध्ये फ्रान्सनं मेट्रिक पद्धत बांधली, तेव्हा मोठ्या मापांना ग्रीक तुकडे लावले आणि लहान मापांना लॅटिन. डेका १०, हेक्टो १००, किलो १०००, हे चढते ग्रीक. डेसी दहावा भाग, सेंटी शंभरावा, मिली हजारावा, हे उतरते लॅटिन. लेकरांचा ठरलेला घोटाळा किलो आणि मिलीचा असतो, कारण दोन्हींत हजार आहे. फळ्यावर शिडी काढा : मधल्या पायरीवर मीटर, वर ग्रीक, खाली लॅटिन.

हेक्टोसाठी सातबाराची प्रत वर्गात आणा; नावं आणि गट क्रमांक झाकून घ्या. हेक्टर म्हणजे हेक्टो आणि आर, म्हणजे १०० आर. एक आर १०० चौरस मीटरचा, म्हणून हेक्टर १०,००० चौरस मीटर. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा असल्यानं आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच भरतात. उताऱ्यावर १.२० असेल तर १२० आर, म्हणजे सुमारे ३ एकर. घरी एकरात बोलणाऱ्या लेकराला कागदावरचा आकडा असा ओळखीचा होतो.

मोंढ्यातला ‘क्विंटल’ मात्र जपून. ‘क्विंट’ म्हणजे लॅटिनमध्ये पाचवा हे कळलेलं लेकरू क्विंटलमध्ये पाच शोधायला लागतं. क्विंटलचा पाचाशी संबंध नाही. लॅटिनमधला शंभराचा शब्द अरबीत जाऊन ‘किंतार’ झाला आणि तिथून युरोपात परतला तो या रूपानं. १०० किलो, म्हणजे मूळ अर्थ टिकला, चेहरा बदलला.

प्रश्न : माझा मुलगा आता प्रत्येक शब्द तोडतो. मान्सूनमध्ये ‘मोनो’ आहे म्हणतो, म्हणजे एकदाच येणारा पाऊस! त्याला थांबवू का?
— पालक, नांदेड

थांबवू नका, तपासायला शिकवा. मान्सून अरबीतून आला, आपला ‘मोसम’ त्याच घरचा. तुमच्या मुलाची चूक चांगल्या जातीची आहे. त्यानं नियम लावून पाहिला.

तोडलेला प्रत्येक शब्द तीन प्रश्नांतून जाऊ द्या. मुळाची अक्षरं जशीच्या तशी आहेत का? मान्सून इथंच अडकतो, त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एम-ओ-एन’नंतर लगेच ‘ओ’ येत नाही, ‘एस’ येतो. उरलेल्या तुकड्यालाही काही अर्थ आहे का? ‘सून’चा लागत नाही. आणि दोन्ही जोडून येणारा अर्थ शब्दाच्या वापराच्या जवळ जातो का? तिन्हीला ‘हो’ आलं तरी शेवटचा निवाडा शब्दकोशाचा. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात नोंदीच्या शेवटी किंवा सुरुवातीला चौकटी कंसात उगम दिलेला असतो. शाळेत असा एक तरी कोश हवा.

तिन्ही चाळण्यांतून निसटणारे शब्दही आहेत. दवाखान्याच्या पाटीवर ‘पेडिॲट्रिशियन’ असतं. ‘पेड’ म्हणजे पाऊल शिकलेलं लेकरू त्यांना पायाचे डॉक्टर ठरवतं. हे ‘पेड’ वेगळं, ग्रीकमधलं ‘मूल’. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘पी’नंतर ‘ए-ई’ अशी दोन अक्षरं असतात, तिथं फरक दिसतो. अमेरिकनमध्ये एक गळालं आणि दोन्ही मुळं सारखी दिसायला लागली. असे फसवे शब्द वहीच्या मागच्या पानावर ‘खोटे पाहुणे’ म्हणून लिहायला लावा.

उलट काही शब्द तुटत नाहीत असं वाटतं, पण तुटतात. आपली बस घ्या. लॅटिन ‘ऑम्निबस’ म्हणजे सर्वांसाठी. त्यातला ‘सर्व’ गळाला आणि नुसता शेवटचा ‘बस’ उरला, म्हणजे ‘सर्वांसाठी’मधला फक्त ‘साठी’. लाल परीत चढताना हे आठवलं की मूल विभक्ती विसरत नाही.

प्रश्न : फोटोला ‘एफ’ सोडून ‘पी-एच’ का? आणि स्कूलमध्ये ‘सी-एच’चा च का होत नाही? पोरं विचारतात, उत्तर सापडत नाही.
— सहशिक्षक, ता. वसमत, जि. हिंगोली

याचं उत्तर मराठी बाराखडीत आहे, आणि इंग्रजी घरच्या मुलापेक्षा आपल्या मुलाला ते लवकर कळतं.

प्राचीन ग्रीकमध्ये फ, थ, ख असे तीन महाप्राण होते, प्रत्येकाला एकेक अक्षर. रोमन लोकांच्या लिपीत त्यासाठी अक्षरच नव्हतं. त्यांनी प आणि ह शेजारी लिहून फ केला, त आणि ह लिहून थ, आणि क आणि ह लिहून ख. लॅटिनमध्ये ‘सी’ म्हणजे कायम क, म्हणून ख झाला ‘सी-एच’. मुलांना तोंडासमोर तळहात धरून आधी ‘प’ आणि मग ‘फळ’मधला फ म्हणायला सांगा, फ म्हणताना हवेचा झोत हाताला लागतो. तोच तो ‘एच’.

पुढं उच्चार बदलले, स्पेलिंग तसंच राहिलं. म्हणून फोटो, फोन, ग्राफमध्ये ‘पी-एच’, थर्मामीटरमध्ये ‘टी-एच’, स्कूल, केमिस्ट, स्टमकमध्ये ‘सी-एच’ असून क. ‘पी-एच’, किंवा क उच्चाराचं ‘सी-एच’ दिसलं की बहुतेक वेळा ग्रीक मूळ समजावं. ‘चाइल्ड’, ‘चीज’ हे त्या घरचे नाहीत, तिथं च होतो. जाता जाता, स्कूलचं ग्रीक मूळ ‘स्खोले’, म्हणजे फुरसत.

प्रश्न : आमची निम्मी मुलं दिवाळीनंतर आई-वडिलांसोबत ऊसतोडीला जातात. मध्येच तुटलेला अभ्यास कसा जोडावा?
— सहशिक्षिका, ता. पाटोदा, जि. बीड

जाण्याआधी झालेल्या पाच-सहा मुळांपुढं नवं काही लादू नका. प्रत्येकाच्या दप्तरात दोऱ्यात ओवलेले १२ पत्ते द्या आणि एकच काम : त्या मुळाचा शब्द कुठं दिसला ते पत्त्यामागं लिहायचं. कारखान्यावर ट्रॅक्टर आहे, मीटर आहे, आणि फॅक्टरी हा शब्दच आहे; ‘फॅक्ट’ म्हणजे बनवणं. ‘मॅन्यू’ म्हणजे हात हे आधी सांगून ठेवलं तर साखरेच्या पोत्यावरचं ‘मॅन्युफॅक्चर’ त्यांना स्वतः फोडता येईल. परत आल्यावर वर्गाची पहिली उजळणी त्यांच्या पत्त्यांवरून घ्या. गावात राहिलेल्या मुलांकडं ते शब्द नसतात, म्हणून आलेलं लेकरू मागं पडलेलं न दिसता काही घेऊन आलेलं दिसतं. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी हेच पत्ते संध्याकाळी दहा मिनिटं पुरतात.

प्रश्न : केंद्राच्या शिक्षण परिषदेत या विषयावर तास घ्यायचा आहे. आपल्या भागातलं एखादं उदाहरण सुचवाल का?
— सहशिक्षक, ता. कळंब, जि. धाराशिव

तुमच्या प्रश्नातच ते आहे. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंत्रोन’ संस्कृतानं ज्योतिषाच्या ग्रंथांमधून घेतला तो. अर्थ टोकदार काटा. कंपासचा जो काटा कागदात रुततो ती जागा. इंग्रजी सेंटर त्याच ‘केंत्रोन’चं. केंद्रशाळा, केंद्रप्रमुख हे रोजच्या तोंडातले शब्द फळ्यावर लिहून तासाला सुरुवात करा. मग वेरूळच्या कैलास लेण्याचं चित्र दाखवून ‘मोनोलिथ’ द्या : मोनो एक, लिथ दगड. मराठी ‘एकाश्म’ शेजारी मांडला की तुकड्याला तुकडा जुळतो.

आणि तेर तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण ‘पैठाना’ म्हणून आणि तेर ‘तगर’ म्हणून येतं. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं, असं त्यात लिहिलं आहे. तेरच्या संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आहेत. सहल नेणार असाल तर ‘पोर्ट’ हे मूळ त्या आठवड्यात घ्या, म्हणजे वाहून नेणं : एक्स्पोर्ट बाहेर, इम्पोर्ट आत, ट्रान्सपोर्ट इथून तिथं. इम्पोर्टमधला ‘इम’ खरा ‘इन’ आहे, पुढच्या ‘पी’मुळं त्याचा ‘इम’ झाला. सत् आणि जन मिळून सज्जन होतो तशीच ही संधी. शिक्षकांना ती एका वाक्यात समजेल.